काळ्या जमिनीतली परसबाग नेमकी कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातील खेड्यात तुमचे घर आहे आणि घरामागे साधारण 30 बाय 40 फुटांची सांदवाडी रिकामी पडून आहे. जमीन भारी काळी आहे. घरात लहान मुलगी आणि मधुमेह असलेली आई धरून पाच माणसे आहेत, आणि रोजची भाजी घरचीच, विषारी फवारणीविना पिकलेली असावी अशी तुमची इच्छा आहे. मागची दोन्ही वर्षे तुम्ही मृगाच्या पावसावर मिरची, वांगी आणि टोमॅटोची रोपे लावली. त्यातली बहुतेक जुलैच्या झडीत पिवळी पडून गेली आणि जी वाचली ती एप्रिलमध्ये करपली. आता पुन्हा मृग तोंडावर आला आहे, तेव्हा कोणते बियाणे आणावे आणि कोणते खत घालावे, असे तुम्ही विचारले आहे.

भाऊ, तुम्ही बियाणे आणि खत यांबद्दल विचारता, पण तुम्हीच लिहिलेल्या हकिकतीत अडचण पाण्याची आहे. तुमची रोपे एकदा पाण्यात गुदमरून गेली आणि एकदा पाण्यावाचून गेली. वर्धा जिल्ह्यातील माझ्या गावी मी 19 वर्षांपासून परसबाग करते आणि बचत गटातील बायकांच्या वाड्याही लावून देते. काळ्या जमिनीतल्या ज्या बागा पहिल्याच वर्षी मोडलेल्या मी पाहिल्या, त्यांपैकी बहुतेकींत बियाणे चांगले होते आणि शेणखतही भरपूर होते. पावसाळ्यात पाणी बाहेर कुठून जाईल आणि उन्हाळ्यात आत कुठून येईल, एवढेच कोणी ठरवलेले नव्हते. म्हणून मी बियाण्याकडे शेवटी येणार आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. विदर्भ म्हणून एकच सल्ला चालत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस 1200 ते 1400 मिलिमीटरपर्यंत जातो आणि तिथे धानाच्या बांध्यांशेजारच्या वाडीचे गणित निराळे असते. अकोला, बुलढाण्याकडे तो 700 ते 850 च्या आसपास राहतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे आणि बोअरचे पाणीच खारे असल्यामुळे तिथे छपराचे पावसाचे पाणी टाक्यात साठवणे हेच पहिले काम ठरते. तिथे बीट आणि पालक थोडाफार तग धरतात, घेवडा, गाजर आणि कांदा लवकर हार मानतात. तुमचे गाव या पट्ट्याबाहेर आहे असे धरून मी पुढचे लिहीत आहे. पाणी जिभेला मचूळ लागत असेल किंवा वाळलेल्या जमिनीवर पांढरा थर येत असेल, तर मात्र माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्यावे. ही तपासणी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडून करून घेता येते.

आता जुलैत नेमके काय होते ते पाहू, कारण ते समजले की बाकीचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. हे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात, म्हणूनच मे महिन्यात तुमच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तुरीचे मूळ खोल जाते आणि हरभरा पावसाळ्यात साठलेल्या ओलीवर निघतो, त्यामुळे या पिकांना ही जमीन मानवते. मिरची आणि टोमॅटोची अन्न घेणारी मुळे मात्र वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात. झड लागली की त्याच थरातली हवेची जागा पाण्याने भरते, मुळांना श्वास घेता येत नाही, ती कुजू लागतात, आणि मग भिजलेल्या जमिनीत उभे असलेले रोप तहानलेल्यासारखी मान टाकते. पाने पिवळी दिसली की आपल्याला वाटते खत कमी पडले. आपण मूठभर युरिया टाकतो, आणि जी मुळे घोटभर पाणीही ओढू शकत नाहीत त्यांच्यावर आणखी ओझे टाकतो. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी सपाट जमिनीत मिरचीची 60 रोपे लावली होती. चार दिवसांच्या झडीनंतर त्यांतली 11 उरली. युरिया मीही टाकला होता.

तुमची जमीन किती पाणी धरते हे अंदाजाने ठरवू नका. सांदवाडीच्या मध्यभागी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा खणा. तो पाण्याने काठोकाठ भरा आणि जिरू द्या. मग दुसऱ्यांदा भरा आणि या वेळी घड्याळ पाहा. पहिले पाणी कोरड्या भेगांत निघून जाते, म्हणून मोजायचे ते दुसरे. चार-पाच तासांनंतरही खड्ड्यात पाणी उभे असेल, तर त्या जागी पावसाळ्यात सपाट लागवड करून उपयोग नाही, तिथे गादीवाफेच करावे लागतील. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे तसेच होईल असे मला वाटते.

गादीवाफा करण्यासाठी माती बाहेरून आणावी लागत नाही. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब पट्टा आखून घ्यावा, त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाची वाट सोडावी, त्या वाटेतली माती उकरून पट्ट्यावर टाकावी आणि पट्टा जमिनीपासून नऊ इंच ते एक फूट उंच करावा. यात वाफा उंच होतो आणि वाट खोल होते, त्यामुळे तीच वाट पावसाळ्यात पाण्याची नाली म्हणून काम करते. तिचा उतार मात्र वाडीच्या बाहेर जाणाऱ्या मोठ्या नालीकडे असलाच पाहिजे. पुष्कळ ठिकाणी वाफे सुंदर असतात आणि वाटा सगळ्या बाजूंनी बंद असतात; मग वाटेत साचलेले पाणी बाजूने वाफ्यात शिरते आणि सगळी मेहनत फुकट जाते. वाफ्याची रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. एकदा तयार केलेल्या वाफ्यावर पाय द्यायचा नाही, हा नियम घरातल्या मुलांनाही शिकवावा. ओल्या काळ्या जमिनीवर पडलेले एक पाऊलही तिला विटेसारखी घट्ट करते.

ही माती भुसभुशीत करण्यासाठी शेणखत, पालापाचोळा आणि कुटार (मळणीनंतरचा भुसा), म्हणजे सेंद्रिय पदार्थ, एवढाच उपाय मला खात्रीने सांगता येतो. दोन-चार घमेली वाळू टाकण्याचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील, पण तेवढ्या वाळूने चिकणमाती मोकळी होत नाही. फरक पडावा एवढी वाळू घालायची म्हटली तर निम्मा वाफा वाळूचा करावा लागेल. तलावातील गाळाचेही तसेच आहे. तो बरड, हलक्या जमिनीला फार चांगला, परंतु भारी काळ्या जमिनीत तो आणखी चिकणमातीच आणून टाकतो. चुलीतली राख ही आपल्याकडे बागेत टाकायची जुनी सवय आहे, तीही काळ्या जमिनीत आवरावी लागते. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (pH) बहुधा 7.5 ते 8.5 च्या दरम्यान असतो, तिच्यात चुनखडीही असते, आणि राख स्वतः अल्कधर्मी आहे. सामू चढला की जमिनीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशी पाने दिसली तर राख ताबडतोब बंद करावी. वालावर मावा आल्यावर पानांवर चिमूटभर राख भुरभुरण्याला माझी हरकत नाही, पण रोजचे घमेले वाफ्यात रिकामे करू नये.

किती वाफे करावेत, या प्रश्नाचे उत्तर ऐकून तुमचा थोडा हिरमोड होईल. तुमच्याकडे 1200 चौरस फूट जागा आहे, तरी पहिल्या वर्षी तीनच वाफे करा, म्हणजे 90 चौरस फूट. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळे आणि भाज्या पोटात जायला हव्यात, म्हणजे पाच माणसांना दिवसाला दोन किलो. तीन वाफ्यांतून रोज दोन किलो निघणार नाहीत, हे मी स्पष्टच सांगते. पण पालेभाज्या, सांबार (कोथिंबीर), मिरची, भेदरे (टोमॅटो) आणि वांगी यांची घरची गरज हिवाळाभर त्यातून बऱ्यापैकी भागते, आणि तोडल्यापासून अर्ध्या तासात खाण्यात ज्यांचा खरा फायदा, त्या भाज्याही याच आहेत. कांदा आणि आलू बाजारातून आणावेत. त्यांच्यासाठी पहिल्या वर्षी वाफा अडवू नये. उरलेल्या जागेत झाडे लावता येतील, त्यांच्याकडे पुढे येते.

तीनच वाफे असे मी म्हणते त्याचे खरे कारण पाणी आहे, आणि हे गणित कागदावर करून पाहण्यासारखे आहे. एक चौरस मीटर जागेवरचे एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तुमचे तीन वाफे साधारण साडेआठ चौरस मीटर होतात. हिवाळ्यात आपल्याकडे पिकाला दिवसाला तीन ते चार मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे 25 ते 35 लिटर, म्हणजे दोन-तीन बादल्या. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि कोरडा वारा सुटतो, तेव्हा तेवढ्याच वाफ्यांना 70 ते 90 लिटर लागतात. अशा वेळी गावातला नळ दोन-तीन दिवसांआड आला तर 1200 चौरस फुटांची बाग कोण जगवणार? ज्या घरी मोठ्या उत्साहाने सगळी सांदवाडी लावली जाते, त्या घरी मार्चमध्ये पाणी भरणारी बाई थकते, आणि ती थकली की बाग संपते. तुमच्या घरी पाणी कोण आणणार हे बाग आखण्यापूर्वी घरात बसून ठरवा, आणि ते काम एकट्या बाईवर टाकू नका.

घरातले वापरलेले पाणी मोठा आधार देते, पण ते वेगळे करावे लागते. डाळ, तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी थेट वाफ्यात चालते. न्हाणीच्या आणि कपड्यांच्या पाण्यात साबणाचा सोडा असतो आणि आपली जमीन आधीच अल्कधर्मी आहे, म्हणून ते पालेभाज्यांना देऊ नये. न्हाणीच्या नालीच्या तोंडाशी विटांचे तुकडे आणि जाड वाळू भरलेला लहान खड्डा करावा आणि त्याच्यापुढे केळी, कर्दळ आणि अळू लावावा. माझ्याकडे केळीचे एक बेट याच पाण्यावर बारा वर्षांपासून उभे आहे. पपई मात्र तिथे लावू नका. तिच्या मुळाशी पाणी साचलेले तिला अजिबात चालत नाही, ती बुंध्याशी कुजते.

इथपर्यंतचे सांगायचे तर खड्ड्याची परीक्षा, उतार असलेल्या वाटांचे तीन गादीवाफे, आणि स्वयंपाकघराचे व न्हाणीचे पाणी वेगळे. एवढे झाल्यावर बियाण्याची पुडी उघडावी.

आता हा पावसाळा. मृगात सगळे पेरण्याची आपल्या शेतीची सवय आहे, पण काळ्या जमिनीत परसबागेची खरी सुरुवात दसऱ्यानंतर करावी, असे माझे ठाम मत झाले आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून झड थांबलेली असते, जमिनीत ओल असते, ऊन सोसवते आणि किडीही कमी होऊ लागतात. नवख्या माणसाला चुका सावरायला वेळ मिळतो. म्हणून या जूनमध्ये वाफे करा, पण त्यांतल्या एकातच मिरची आणि वांग्याची मिळून दहा-बारा रोपे लावा. दुसऱ्यात अंबाडी, माठ आणि चवळी पेरा, कारण या भाज्या आपल्या पावसाळ्याला सरावलेल्या आहेत. तिसऱ्यात हिरवळीच्या खतासाठी बोरू, म्हणजे ताग, पेरून फुलावर येण्याआधी, साधारण सहा-सात आठवड्यांनी, मातीत गाडा. हिवाळ्यात त्या वाफ्यातला पालक पाहून तुम्हाला फरक कळेल. कुंपणाच्या कडेने मातीचे उंचवटे करून दोडके, लवकी (दुधी) आणि कारल्याचे दोन-दोन वेल चढवा. वेलांना उंचवट्यावर जागा दिली आणि वर मांडव दिला की झड त्यांना फारसे काही करत नाही. बांधावरचे काटवल (करटुले) तुमच्याकडे होत असेल तर त्याचा कंद आणून कुंपणाशी लावावा. तो दरवर्षी पावसाबरोबर आपणच फुटतो. वाफ्याच्या कडेला आपोआप उगवणारी घोळ तण म्हणून उपटून फेकू नका, ती भाजीत घाला.

मांडवासाठी तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) किंवा बांबू वापरा. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) जवळ असतात आणि फुकट असतात, पण त्यांच्यावरच्या वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या कपाशीवर जाते. एक मांडव वाचवण्यासाठी आपल्याच शेताला कीड पोसू नये.

ऑक्टोबरपासून तिन्ही वाफे भरायचे. पालक, मेथी, सांबार आणि मुळा एकदम सगळा पेरू नये. बोरू गाडलेल्या वाफ्याच्या अर्ध्या भागात पेरावा, बारा-पंधरा दिवसांनी पुढच्या तुकड्यात पेरावा, म्हणजे एकाच आठवड्यात मेथीचा ढीग आणि नंतर महिनाभर काही नाही असे होत नाही. मेथी 25 ते 30 दिवसांत निघते, पालकाची पहिली कापणी महिन्याच्या आसपास येते आणि त्यानंतर तो पुन्हा फुटत राहतो. सांबाराचे धणे चपलेखाली हलके रगडून दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवून पेरावेत. तरीही उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी निराश होऊन वाफा उकरू नये. दुसऱ्या वाफ्यात टोमॅटोची बारा रोपे दोन ओळींत, काठीच्या आधाराने. पहिल्या वाफ्यात पावसाळ्यातली वांगी-मिरची तशीच पुढे चालू राहतात, आणि मोकळ्या जागेत लसूण लावता येतो. कुंपणावर वाल, ज्याला आपल्याकडे पोपट म्हणतात, सप्टेंबरपर्यंत टोचलेला असेल तर हिवाळ्यात शेंगा देतो. बियाणे शक्य तिथे गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून मागून आणा. वाल, चवळी, अंबाडी, लवकी आणि वांगे यांचे गावरान वाण त्यांच्याकडे अजून मिळतात आणि त्यांचे बी तुम्हाला पुढच्या वर्षी स्वतः धरता येते. संकरित बियाण्याचे बी धरून तसेच पीक येत नाही.

फेब्रुवारीत बाग लहान करायला सुरुवात करा. ही गोष्ट लोकांना पटवणे मला सर्वांत कठीण गेले आहे. तीन वाफ्यांपैकी एकच वाफा उन्हाळ्यात चालवावा, त्यात चवळी, ढेमसे आणि काकडी लावावी, आणि उरलेल्या दोन वाफ्यांवर तीन इंच कुटार पसरून त्यांना विश्रांती द्यावी. टोमॅटो एप्रिलमध्ये फुले गाळू लागला की त्याच्यावर पाणी खर्च करू नये. दिवसाचे तापमान 38 अंशांच्या वर आणि रात्रही गरम असली की फूल धरतच नाही. चालू वाफ्याच्या पश्चिमेला तुराट्यांचा आडोसा उभा करावा, कारण दुपारी तीनचे ऊन सर्वांत जास्त भाजते. दर तीन फुटांवर एक भाजलेले साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून झाकून ठेवले, तर पाणी पाझरत मुळांशी जाते आणि रोज ओतण्यापेक्षा पुष्कळ कमी लागते. कुटाराखाली वाळवी येते, ही उन्हाळ्यातली खरी अडचण आहे. म्हणून कुटार खोडाला टेकवू नये, चार बोटे जागा मोकळी सोडावी, आणि आठवड्यातून एकदा ते उचलून पाहावे.

झाडांपैकी मुंगणा (शेवगा), गोडलिंब (कढीपत्ता) आणि लिंबू एवढी तीन पहिल्या वर्षी पुरेत. ती वाडीच्या पश्चिम किंवा उत्तर कडेला लावावीत, म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेकडे कललेले ऊन वाफ्यांवरून अडत नाही आणि उन्हाळ्यात तिसऱ्या प्रहरी सावली मिळते. मुंगण्याचा शेंडा तीन फुटांवर खुडत राहावा. तसे न केल्यास तो छपरावर जातो आणि शेंगा फक्त वानरांना मिळतात. घरात मुलगी वाढीच्या वयाची आहे, तेव्हा मुंगण्याचा कोवळा पाला आठवड्यातून दोनदा वरणात घालत जा, आणि पालेभाजी वाढली की ताटात लिंबाची फोड ठेवा. पालेभाजीतले लोह शरीराला सहज मिळत नाही, लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे ते अधिक प्रमाणात घेतले जाते. तुमच्या आईसाठी भाज्यांचे प्रमाण वाढणे चांगलेच आहे, पण कारल्याच्या वेलावर भरवसा ठेवून त्यांची गोळी कमी करू नका. तो निर्णय डॉक्टरांचाच असतो.

खताबद्दल तुम्ही स्पष्ट विचारले आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक वाफ्याला 15 किलोच्या आसपास पूर्ण कुजलेले शेणखत पुरते, पुढे दर हंगामाला त्याच्या निम्मे. कुजलेले म्हणजे हातात घेतल्यावर थंड लागणारे, वास नसलेले आणि मातीसारखे भुरभुरणारे. उकंड्यावरचे अर्धकच्चे शेण घातले तर त्याबरोबर हुमणी आणि वाळवी दोन्ही वाफ्यात येतात. घरचे खत नीट कुजवायचे असेल तर तुमच्याच जिल्ह्याची देणगी आहे. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवलेल्या टाक्यात काडीकचरा, थोडे शेण आणि माती यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत रूढ केली, ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नॅडेप म्हणून देशभर गेली. मोठे टाके 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच असते. तीन वाफ्यांना तेवढे लागत नाही. तीन-तीन फुटांचे लहान टाके सुट्या विटा रचूनही होते, फक्त त्याची ओल टिकवावी लागते. खत तीन-चार महिन्यांत तयार होते. जीवामृताचे प्रमाण सहसा 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती असे सांगितले जाते. ते एकरासाठी आहे. तुम्ही त्याचा दहावा भाग, म्हणजे 20 लिटर केले तरी तिन्ही वाफे आणि झाडे धरून उरेल. मी ते वापरते, पण कुजलेल्या खताची जागा ते घेते असा माझा अनुभव नाही.

किडींसाठी जून-जुलैत पडणाऱ्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवा. 50 ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्याने गाळावी, रिठ्याचे थोडे पाणी मिसळावे आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. मावा, तुडतुडे आणि लहान अळ्यांवर ते चालते. वांग्याचा शेंडा पोखरणारी अळी मात्र आत बसलेली असते, तिथे अर्क पोचत नाही. दर चार दिवसांनी वाफ्यावरून नजर फिरवून माना टाकलेले शेंडे इंचभर खालून खुडावेत आणि जाळावेत. दहा झाडांना हे पाच मिनिटांचे काम आहे. दोडक्या-कारल्याची फळमाशीने सडलेली फळेही उकंड्यावर न टाकता दीड-दोन फूट खोल पुरावीत.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. कपाशीसाठी आणलेले औषध, डब्यात थोडे उरले आहे म्हणून, घरच्या वांग्यावर कधीही फवारू नका. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्या देशात बंदी आहे, ती कारणाशिवाय नाही. 2017 च्या पावसाळ्यात तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. रिकामे डबेही घरात आणू नका. माझ्या घरी एकदा तणनाशकाचा डबा तीन वेळा धुऊन रोपांना पाणी घालण्यासाठी वापरला गेला, आणि आठवड्याभरात टोमॅटोच्या रोपांची पाने वेडीवाकडी वळून सगळी गादी मेली. रोपांचे नुकसान भरून निघाले, पण त्याच डब्याने कोणी पिण्याचे पाणी घेतले असते तर, हा विचार मला पुढे बरेच दिवस सोडत नव्हता. शेताला लागून सांदवाडी असेल तर फवारणीच्या दिवशी वारा कुठून आहे ते पाहावे आणि पुढचे काही दिवस त्या बाजूची पालेभाजी तोडू नये.

कुंपणाविषयी थोडक्यात. बकऱ्या आणि कोंबड्यांसाठी बांबूच्या कमच्यांचे किंवा तुराट्यांचे चार फुटांचे दाट कुंपण पुरते. वानरांपुढे कुंपण चालत नाही. माझ्याकडे ती मिरची, कारली, लसूण, हळद आणि अळू यांना सहसा हात लावत नाहीत, म्हणून ही पिके बाहेरच्या कडेला आणि टोमॅटो-वाल घराच्या भिंतीजवळ, माणसांच्या वावरात ठेवलेले आहेत. रानडुकरांसाठी तारेत वीज सोडण्याचा विचार कोणी सुचवला तर तो ऐकूही नका. त्या तारेला आपलीच माणसे लागून मेलेली आहेत.

या आठवड्यात खड्ड्याची परीक्षा तेवढी करून घ्या. वाफे आखण्याची घाई मात्र पहिला जोराचा पाऊस येईपर्यंत करू नका. तो येईल तेव्हा छत्री घेऊन सांदवाडीत अर्धा तास उभे राहा. छपराचे पाणी कुठे पडते, शेजारच्या अंगणातून कुठून शिरते, कुठे साचते आणि कुठून बाहेर जाते हे पाहा आणि साचणाऱ्या प्रत्येक जागी एक काडी खोचून ठेवा. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली की काड्यांच्या जागा सोडून वाफे आखा, आणि त्या काड्यांना जोडत जाणारी रेघ ओढून तिथे मोठी नाली खणा.